अनशापोटी

गेल्या मंगळवारी पहाटे आमच्या मैदानावर एक मुलगी चौथ्या फेरीत खाली बसली. धाडकन पडली नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय दुमडले आणि ती ट्रॅकच्या कडेला टेकली. पोलीस भरतीची तयारी करते. वय १९, वजन ४२ किलो. तोंडावर पाणी मारलं, जरा हुशारी आली, तेव्हा मी विचारलं, "काय खाऊन आलीस?"

"काही नाही, काका."

"आणि रात्री?"

"भाजी. सरांनी भात-भाकरी बंद करायला सांगितलीय. सकाळी अनशापोटी पळायचं, म्हणजे चरबी जळते म्हणाले."

बेचाळीस किलोच्या मुलीची कुठली चरबी जाळायची आहे?

हाच प्रश्न मी त्या सरांनाही विचारला. त्यांनी मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. त्यातला माणूस चाळिशीचा, खाऊनपिऊन सुखी, नव्वद किलोवरून सत्तरवर आलेला. सकाळी काही न खाता तासभर जॉगिंग, दुपारी बारापर्यंत उपास, ताटात पोळी नाही, भात नाही, अंडी आणि पनीर. त्याला त्याचा फायदा झाला असेल, त्याबद्दल माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते हे, की नव्वद किलोच्या माणसाचा उपाय ४२ किलोच्या मुलीच्या ताटात आला आणि वाटेत कुणीही त्याला अडवलं नाही.

आधी शरीराचा हिशेब मांडतो, कारण ही सगळी भुरळ एका हिशेबातूनच निघाली आहे.

भाकरी, भात, केळं, गूळ यांचं पोटात गेल्यावर शेवटी ग्लुकोज होतं. लगेच लागत नाही ते स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतं. सरावातल्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. सगळं मिळून दोनेक हजार किलोकॅलरी. चरबीचं कोठार मात्र केवढं तरी मोठं. अंगावरच्या एका किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, आणि शिडशिडीत धावपटूच्या अंगावरही काही किलो चरबी असतेच. मग कुणालाही वाटणारच, की एवढं कोठार भरलेलं असताना या लहानशा डब्यावर कशाला विसंबायचं? कर्बोदकं तोडा, उपाशी पळा, शरीर चरबी जाळायला शिकेल.

शरीर शिकतं, हे खरं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत जेफ व्होलेक यांच्या गटानं लांब पल्ल्याचे २० कसलेले धावपटू तपासले. कर्बोदकं तोडून बरेच महिने झालेले धावपटू मिनिटाला जास्तीत जास्त दीड ग्रॅमच्या आसपास चरबी जाळत होते. भात-पाव खाणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढा फरक पाहून कुणीही भारावून जाईल.

पण चरबी किती जळते यावर शर्यतीत बिल्ला मिळत नाही. बिल्ला वेगाला मिळतो. आणि या हिशेबात वेग कुठेही धरलेला नाही.

एक लिटर प्राणवायू कर्बोदकांवर खर्च केला तर साधारण ५.०५ किलोकॅलरी हाती येतात. तोच एक लिटर चरबीवर खर्च केला तर ४.६९. सात टक्क्यांची तूट. आरामात पळताना ही तूट जाणवत नाही, कारण छातीत हवा मुबलक असते. जोरात पळताना प्राणवायूचीच ओढ असते, आणि नेमक्या त्याच वेळी चरबी तो जास्त मागते. शिवाय चरबी स्नायूपर्यंत पोचून जळायला वेळ लागतो. ग्लायकोजेन स्नायूतच असतं, लगेच पेट घेतं. म्हणून वेग वाढत जातो तसा चरबीचा वाटा आपोआप घटतो. अमेरिकेतल्या जॉर्ज ब्रुक्स यांनी १९९४ मध्ये हा बदल नीट मांडून दाखवला. तो आळशी माणसाला लागू आहे तसाच ऑलिंपिकच्या धावपटूलाही. सरावानं तो उशिरा येतो, टळत नाही.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण दर वर्षी पालखीमार्गावर दिसतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते ती बहुतेक वर्षी एकादशीला. तीसेक किलोमीटरची चाल, वाटेत दिवे घाटाचा चढ, आणि वारकऱ्यांचा उपास. साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन तो घाट चढून जातात. त्या मुख्यतः चरबीवर चालतात. चालीचा वेगच असा असतो की चरबी पुरी पडते. गप्पा चालू, अभंग चालू, दम तुटत नाही. पण त्याच घाटात कुणी स्पर्धा लावून धावायला सांगितलं, तर पहिल्या दोन वळणांतच शरीर ग्लायकोजेनला हात घालेल. आणि आपला एकादशीचा उपास म्हणजे पोट रिकामं असं थोडंच आहे? साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळं, केळं. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. वारीची वाट काढताना काय खावं, हे आपल्या बायकांनी प्रयोगशाळेआधीच ठरवून ठेवलं आहे.

प्रयोगशाळेनं काय सांगितलं तेही सांगतो, कारण त्या सरांना मी तेच सांगत बसलो होतो.

१९३९ मध्ये कोपनहेगनला क्रिस्टेन्सन आणि हॅन्सन यांनी माणसांना वेगवेगळ्या आहारावर ठेवून सायकल मारायला लावली. भरपूर कर्बोदकं खाल्लेली माणसं तीन तासांहून जास्त टिकली. चरबीवर ठेवलेली दीड तासाच्या आसपास गळाली. त्याच्याही आधी, १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं होतं. जे शेवटी भेलकांडत आले त्यांची साखर खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना वाटेत गोड खायला दिलं आणि ती अवस्था टळली.

मला सगळ्यात आवडतो तो १९६६ चा स्वीडनमधला प्रयोग. योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमान, दोघे डॉक्टर. प्रयोगाला माणसं म्हणून त्यांनी स्वतःलाच घेतलं. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पेडल मारलं, तो पाय पार थकेपर्यंत. मग तीन दिवस कर्बोदकांचं जेवण. रोज स्वतःच्या मांडीत सुई खुपसून स्नायूचा कण काढायचा आणि त्यातलं ग्लायकोजेन मोजायचं. थकलेल्या पायात ते न थकलेल्या पायाच्या दुपटीच्या घरात गेलं. एकाच माणसाचे दोन पाय, एकच जेवण, तरी एवढा फरक. घाम गाळलेला स्नायू अन्न मागतो आणि मिळालं तर आधीपेक्षा जास्त साठवतो. आज मॅरेथॉनच्या आधी तीन दिवस लोक जो भात-पास्ता खातात त्याचं मूळ या दोन माणसांच्या मांडीत आहे.

आता दुसरी बाजू. तीही प्रामाणिक आहे, म्हणून ती लपवणार नाही. १९८३ मध्ये स्टीफन फिनी यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला २० ग्रॅमहून कमी कर्बोदकांवर ठेवलं. आधी ते सरासरी १४७ मिनिटं टिकत होते, नंतर १५१. म्हणजे कर्बोदकं तोडूनही दम गेला नाही. हा अभ्यास कीटोची, म्हणजे कर्बोदकं तोडायला सांगणारी मंडळी चाळीस वर्षं दाखवत आली आहेत. पण तो नीट वाचावा लागतो. माणसं पाच, आणि त्यातल्या एकाच्या मोठ्या सुधारणेनं सरासरी सावरलेली. वेग मध्यम. जोराचा टप्पा त्यात नव्हताच. आणि हे खुद्द फिनींनीही लपवलेलं नाही, की हा मध्यम वेगाचा दम होता.

जोराच्या टप्प्याचं काय होतं ते २००६ मध्ये केपटाऊनला दिसलं. सायकलपटूंना आधी चरबीच्या आहारावर ठेवलं, मग एक दिवस कर्बोदकं दिली, म्हणजे दोन्हीचा फायदा मिळेल असा अंदाज. मग १०० किलोमीटरची शर्यत, आणि वाटेत मुद्दाम जोर मारायचे टप्पे. एकूण वेळेत मोठा फरक पडला नाही. पण १ किलोमीटरच्या जोराच्या टप्प्यात ताकद घटली. शर्यती त्याच किलोमीटरमध्ये जिंकल्या किंवा हरल्या जातात. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात कारणही हाती लागलं: चरबीची सवय लागलेला स्नायू ग्लायकोजेन 'वाचवत' नसतो, ते वापरणारं विकरच त्याच्यात मंदावलेलं असतं. चूल विझलेली असेल तर कोठीतला तांदूळ उरतोच.

केपटाऊनच्या त्या निबंधावर टिम नोक्स यांचंही नाव आहे. धावण्याच्या जगात हे नाव मोठं. 'लोअर ऑफ रनिंग' हा त्यांचा ग्रंथ १९८५ मध्ये आला आणि दोन पिढ्यांनी त्यावरून कर्बोदकं खायला शिकून घेतलं. पुढे नोक्सना स्वतःला मधुमेह झाला, वडिलांनाही होता. त्यांनी कर्बोदकं तोडली, प्रकृती सुधारली आणि आपल्याच पुस्तकातलं आहाराचं प्रकरण फाडून टाका असं वाचकांना सांगितलं. मत बदललं की ते जाहीर कबूल करायला धैर्य लागतं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाला जे लागू पडलं ते १९ वर्षांच्या धावपटूला लागू पडत नाही.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लुईस बर्क यांनी हा वाद मैदानातच उतरवला. जागतिक दर्जाचे चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू कॅनबेरात एकत्र आणले आणि तीन आठवडे एकत्र राहून, एकाच प्रकारचा कडक सराव करून, वेगवेगळ्या जेवणावर ठेवले. शेवटी १० किलोमीटरची खरी शर्यत. भरपूर कर्बोदकं खाणाऱ्यांची वेळ ६.६ टक्क्यांनी सुधारली. काही सराव भरल्या साठ्यानं, काही रित्या साठ्यानं, असं आलटून-पालटून करणाऱ्यांची ५.३ टक्क्यांनी. चरबीवर ठेवलेल्यांची वेळ सुधारली नाही, उलट १.६ टक्क्यांनी मागे गेली. ते चरबी भरपूर जाळत होते. त्याच वेगाला प्राणवायूही जास्त ओढत होते. तीन आठवडे रक्ताचं पाणी केलं आणि हाती काही लागलं नाही. पुढे नव्या खेळाडूंवर हाच प्रयोग पुन्हा झाला, निकाल तोच.

आता 'अनशापोटी चरबी जळते' याबद्दल. जळते, त्या तासाला. पण दिवसाचे तास चोवीस. सकाळी चरबी जास्त जळली तर उरलेल्या दिवसात शरीर कर्बोदकं जास्त जाळून हिशेब बरोबर करतं. ब्रॅड शोनफेल्ड यांनी २०१४ मध्ये २० तरुण मुलींवर चार आठवडे हे करून पाहिलं. निम्म्या उपाशी व्यायाम करत, निम्म्या खाऊन; खाणं दोन्ही गटांना सारखंच बेताचं. वजन दोन्हीकडे सारखं उतरलं, चरबीही सारखीच. उपाशी राहिल्याचा जादा फायदा शून्य.

मग पहाटे काही न खाता धावायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. रात्री पोटभर भाकरी-भात-आमटी जेवून झोपलेला माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याच्या यकृतातला साठा बराच उतरलेला असतो, पण स्नायूंतला जवळजवळ जसाच्या तसा असतो. झोपेत पाय चालत नाहीत, पायांचं ग्लायकोजेन संपत नाही. अशा माणसानं पाऊण तास सावकाश पळून यावं आणि आल्यावर पोहे खावेत, काही बिघडत नाही. केनियातले धावपटू पहाटेचा पहिला सराव बहुधा असाच करतात. पण त्या केनियाच्या ताटात काय असतं तेही पाहा. २००४ मध्ये कालेनजिन धावपटूंचं आठवडाभर खाणं मोजलं गेलं. एकूण उष्मांकांपैकी पाऊण भागाहून जास्त कर्बोदकांतून. मक्याच्या पिठाची उगाली, आणि दुधाच्या चहातली भरपूर साखर. ते उपाशी धावतात ते सकाळचा एखादा तास. दिवसभर ते खातात.

युरोपातल्या काही प्रशिक्षकांनी यातूनच एक युक्ती काढली. आठवड्यातले एक-दोन सराव मुद्दाम रित्या साठ्यानं करायचे, बाकीचे भरल्या साठ्यानं. रिता स्नायू जास्त ताण घेतो आणि चरबी जाळणारी यंत्रणा वाढवतो, हे कोपनहेगनला २००५ मध्ये आणि नंतर बेल्जियममध्ये दिसलं. शर्यतीच्या वेळेत त्याचा फायदा किती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. कर्बोदकं आलटून-पालटून घेणाऱ्या खेळाडूंचा जो दुसरा गट बर्क यांच्या अभ्यासात होता तो पहिल्याच्या पुढे गेला नाही, हे वर दिलं आहेच. ही युक्ती वापरणाऱ्यांकडे काय काय असतं तेही मोजा: आहारतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, मालिश करणारा, दुपारची झोप आणि संध्याकाळी वाढून ठेवलेलं ताट. आणि शर्यतीच्या दिवशी हेच लोक काय करतात? टूर द फ्रान्सचे सायकलपटू आज तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या दारांनी आत जातात, दोन्ही मिसळून घेतली तर पोटाला जास्त पेलतं, हे आस्कर यूकेनड्रूप यांनी दाखवून दिल्यापासून सगळे त्याच मार्गानं गेले. चरबीवर जिंकायचं वेड जगाच्या वरच्या थरात ओसरलं आहे. आमच्या तालुक्यात ते आत्ता पोचतंय.

रिकामा डबा काय करतो ते मी स्वतः भोगलंय. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. आदल्या रात्री मी दोन चपात्या खाऊन झोपलो होतो आणि सकाळी कोरा चहा. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय माझे राहिले नाहीत. दम होता, छाती शांत होती, पण पाय उचलेनात. डोकं आधी चिडतं, मग रडवेलं होतं, मग विचारच करेनासं होतं, कारण मेंदूलाही ग्लुकोजच लागतं. रस्त्यावरच्या एका आजींनी संत्र्याची फोड दिली. ती चव मला अजून आठवते.

मी तेव्हा तिशीचा होतो, नोकरी होती, घरी जाऊन जेवलो. त्या मुलीचं तसं नाही.

तिचं म्हणजे कुणाचं? महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला जा. घड्याळात नाडीचे ठोके मोजणारे दहा जण दिसतील, आणि भरतीची पन्नास मुलं-मुली. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पाच-सहा मिनिटांचा, तीन मिनिटांचा खेळ. या वेगाला चरबी जवळजवळ काहीच कामाची नाही. हे सगळं ग्लायकोजेनचं काम आहे. म्हणजे कमी कर्बोदकांचा सल्ला सगळ्यात चुकीचा कुणाला असेल तर या पन्नास जणांना. आणि तो त्यांनाच दिला जातोय.

यातल्या कित्येक मुली शेतमजुरांच्या घरच्या. घरात रात्री आधी पुरुष जेवतात. सकाळी कोरा चहा. गावापासून सहा किलोमीटर चालत किंवा मैत्रिणीच्या सायकलवर मैदान, सराव, परत कॉलेज, दुपारी दोनला जेवण. या मुली पिढ्यान् पिढ्या अनशापोटीच धावत आल्या आहेत. त्याला आता कुणी शास्त्राचं नाव दिलं म्हणून ती भूक शास्त्रीय होत नाही.

आणि पाळी. हे मी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. मैदानावर अजून असे प्रशिक्षक भेटतात जे मुलीची पाळी बंद झाली की सराव नीट चाललाय म्हणतात. हे धोकादायक अज्ञान आहे. शरीराला सरावाची भरपाई होईल एवढं अन्न मिळालं नाही की ते एकेक दिवा मालवत जातं. आधी पाळी. मग हाडांची झीज. मग वारंवार सर्दी-ताप, न बऱ्या होणाऱ्या दुखापती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या सगळ्याला एक नाव दिलं आणि २०२३ च्या सुधारित निवेदनात कर्बोदकांची कमतरताही त्यात स्पष्ट घातली. बर्क यांच्या गटानं पुढे चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंच्या हाडांचीही तपासणी केली. चरबीच्या आहारावर साडेतीन आठवड्यांत हाड झिजल्याच्या खुणा रक्तात वाढल्या, हाड बनण्याच्या कमी झाल्या. ते पोटभर जेवत होते, फक्त कर्बोदकं नव्हती. तरी हे.

रक्ताचं आणखी वाईट. रित्या साठ्यानं कडक व्यायाम केला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त वर जातं, आणि ते आतड्यातून लोह आत घ्यायचं दारच लावून घेतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच कमी असलेल्या रक्ताला हा आणखी एक फटका. ती मुलगी चौथ्या फेरीत खाली बसली त्यात नवल काहीच नव्हतं. तिची हिमोग्लोबिनची तपासणी कधी झाली होती, विचारलं. शाळेत असताना.

एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, नाहीतर पत्रं येतील. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत महाराष्ट्रात घराघरांत पोचली आहे. ती लठ्ठपणा आणि मधुमेह टाळण्यासाठी आहे, आणि तिच्यात व्यायाम सांगितलाय तो ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा. चालण्याचा. पोट सुटलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसासाठी केलेली गोष्ट आठवड्याला साठ किलोमीटर धावणाऱ्या पोरीला लावायची नसते. आणि मधुमेहाच्या लोकांनाही सांगतो: इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशी धावायला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. धावताना साखर पडली तर मदत मिळेलच असं नाही.

मग खायचं काय? यात काही गूढ नाही. रोज तास-दोन तास घाम गाळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ६ ते १० ग्रॅम कर्बोदकं लागतात. बेचाळीस किलोच्या मुलीला सराव तासाभराचा धरला तरी अडीचशे ग्रॅमच्या घरात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम. परदेशी जेलच्या एका पाकिटातही साधारण तेवढंच असतं, आणि ते शंभराच्या पुढे जातं. केळं पाच रुपयांत येतं. रात्री भाकरी, भात, वरण किंवा उसळ. सरावाआधी तासभर केळं किंवा गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे. आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी खरं अन्न. चहा कोराच प्यायचा असेल तर त्यात साखर घाला. आठशे मीटर धावताना वाटेत काही खायची गरज नाही. ती गरज आदल्या रात्री भागवायची असते.

आणि भरती घेणाऱ्यांनाही माझं एक मागणं आहे. उमेदवार रात्रीच्या एसटीनं येतात, मैदानाबाहेर फुटपाथवर झोपतात, पहाटे रांगेत उभे राहतात. काही जणांचा नंबर दहा वाजता लागतो, तोवर पोटात काही नसतं, उन्हं चढलेली असतात. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची तीन मिनिटं ही मुलं अनशापोटी धावतात. गेटवर पाण्याचा पिंप आणि केळ्यांचे घड ठेवायला किती खर्च येतो? मंडप घातला जातो, फ्लेक्स लागतात, आवाजाची भिंत येते. केळी का नाहीत?

सरांशी बोललो त्याला आता सहा दिवस झाले. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. बरं वाटलं. ते वाईट माणूस नाहीत. या पन्नास मुलांना ते फी न घेता पळवतात, आणि त्यांनाही कुणी दुसरं काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी व्हिडिओ डिलीट केला की नाही मला माहीत नाही.

मुलीचा काल रात्री फोन आला. आईच्या मोबाइलवरून.

"काका, केळी नाहीयेत घरात. रात्रीची भाकरी आहे. दुधात कुस्करून चालेल का सकाळी?"

"चालेल. गूळ आहे?"

"आहे."

"घाल त्यात. किती वाजता उठतेस?"

"चारला."

"मग उठल्या उठल्या खा. अर्धी भाकरी. उरलेली अर्धी पळून आल्यावर. आणि रात्री आत्ता काय जेवलीस?"

थोडा वेळ ती बोलली नाही. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

"अजून नाही जेवले," ती म्हणाली. "आत्ता बसते."